वरसईचे गोडसे भटजी, नागोठण्याचा पूर आणि माझी खोटी म्हैस

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री वाचा.

गेल्या आठवड्यात पेणच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. झाशीच्या राणीचं रणांगणावरचं शेवटचं भाषण. चांगलं दीड पानाचं, मध्ये मध्ये भगवे झेंडे आणि तलवारीचे इमोजी. खाली लिहिलेलं, "प्रत्यक्षदर्शी : वरसईचे गोडसे भटजी". आणि त्याच्याही खाली, खरा पेणकर असशील तर पुढे पाठव.

मी पुढे पाठवला नाही. ग्रुपवर एवढंच लिहिलं की गोडसे भटजी त्या रणांगणावर नव्हते आणि त्यांच्या पुस्तकात असं भाषण नाही. झालं! दोन तासांत मी इतिहासद्रोही ठरलो, एका ओळखीच्या पोराने तर "काका, तुम्ही होतात का तिथे?" असंही विचारलं. राग आला, पण नंतर हसूही आलं, कारण प्रश्न बरोबर होता. कोण होतं तिथे, हाच तर खरा प्रश्न आहे. हे पोरगं तो प्रश्न मला विचारतंय, पण मेसेज बनवणाऱ्याला विचारत नाही, इतकीच माझी तक्रार.

म्हणून ही पोस्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. विष्णुभट गोडसे हे आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. जन्म १८२७. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार, लाखो रुपये खर्च होणार, दक्षिणा मिळणार अशी बातमी कानावर आली. तिशीतला हा माणूस रामभट काकांना घेऊन मार्च १८५७ मध्ये घरातून निघाला. देशभक्ती नाही, बंड नाही, काही नाही. कर्ज फेडायला निघालेला कोकणातला भिक्षुक. आजही आपल्याकडची पोरं कर्ज फेडायला दुबईला, कतारला जातात, त्यातलाच प्रकार.

आणि हा माणूस नेमका जाऊन पडला १८५७च्या आगीत. महूजवळ शिपायांच्या तोंडून कळलं की पुढे गडबड होणार आहे. शहाणा माणूस परत फिरला असता. हे पुढे गेले. यज्ञ राहिला बाजूला. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करत करत झाशीला पोचले. राणीच्या आश्रयाला राहिले आणि मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा ते गावातच होते. अडीच-तीन वर्षांनी घरी आले तेव्हा कनवटीला पैसा नाही, सगळं वाटेत लुटलं गेलेलं. खांद्यावर फक्त गंगेची कावड. त्या गंगाजलाने आईवडिलांना आंघोळ घातली. एवढीच कमाई.

पुढे पंचवीसेक वर्षांनी चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली. मराठीतलं पहिल्या दर्जाचं प्रवासवर्णन म्हणून आज त्याचं नाव घेतात. हिंदीत अमृतलाल नागर यांच्यासारख्या मोठ्या कादंबरीकाराने त्याचा अनुवाद केला आणि नाव दिलं 'आँखों देखा गदर'. इंग्रजीतही अलीकडे एकापेक्षा जास्त अनुवाद झाले.

आता आपल्या तालुक्यात हात वर करा बघू, किती जणांनी मूळ पुस्तक वाचलंय? मी स्वतः पत्रकारितेचा डिप्लोमा करून चार वर्षं बातमीदारी केल्यावर वाचलं. म्हणजे मीही फार शहाणा नाही.

वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की भटजी भाषणं लिहित नाहीत. ते सांगतात पाणी कुठे मिळत नव्हतं. कुठे लपलो. भुकेने काय हाल झाले. झाशी पडल्यावर लुटालूट झाली तिचा क्रमसुद्धा त्यांच्या लक्षात राहिला आहे. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते, मग धान्य. हा तपशील कोणी घरी बसून बनवू शकत नाही. ज्याच्या समोरून घरातली घागर उचलून नेली त्यालाच तो सुचतो. राणीच्या वाड्यातला पोथ्यांचा संग्रह उद्ध्वस्त झाला त्याचंही त्यांना फार वाईट वाटलंय. शेवटी भटजीच ते, माणसांच्या मरणाइतकंच पोथ्यांचं मरणही त्यांना दिसलं.

आणि ती विहीर. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना राणी भेटली. लढाईतून आलेली, पुरुषी वेशातली, अंगावर धूळ, तहानेने व्याकूळ. भटजी तिच्यासाठी पाणी शेंदायला पुढे झाले तर तिने त्यांना थांबवलं, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका म्हणाली, आणि स्वतःच मडकं विहिरीत सोडलं. ओंजळीने पाणी प्यायली. आपल्या नशिबाबद्दल चार शब्द बोलली आणि गेली.

एवढंच. ना तलवार, ना झेंडा. माझ्या मते त्या दीड पानी मेसेजपेक्षा ही विहीर हजारपट मोठी आहे. राज्य गेलेली बाई तहानलेली आहे आणि तरी समोरच्याचा मान राखते आहे. हे आपल्या वरसईच्या माणसाने पाहिलं म्हणून जगाला कळलं. आणि आपण पेणकर काय पुढे पाठवतोय, तर इमोजी.

पण थांबा. मी भटजींची आरती ओवाळायला बसलेलो नाही.

त्याच पुस्तकात झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याबद्दल नाना गोष्टी आहेत. ते बायकांची वस्त्रं नेसायचे वगैरे. गंगाधरराव वारले १८५३ मध्ये. भटजी झाशीत पोचले त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे हे सगळं ऐकीव. झाशीच्या ओट्यांवर, घाटांवर जे बोललं जात होतं ते. राणीचा शेवट झाला ग्वाल्हेरजवळ, जून १८५८ मध्ये, तेव्हाही भटजी रणात नव्हते. तेही ऐकीव. बंड का झालं याचं कारण देताना ते सांगतात की इंग्रजांनी आपला धर्म बुडवायला ८४ कलमांची यादी केली होती. अशी यादी सरकारने केली नव्हती. पण शिपाई आणि वाटसरू तसं एकमेकांना सांगत होते, ही गोष्ट मात्र खरी.

म्हणजे एकाच पुस्तकात तीन प्रकारचा माल आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आणि लोक ज्यावर विश्वास ठेवत होते ते. तिन्ही उपयोगाचं आहे. अफवासुद्धा उपयोगाची आहे, कारण माणसं अफवेवरून जीव देतात आणि घेतात. आपल्या भागात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने काय काय झालं ते आठवा. फक्त कुठला माल कुठल्या गोणीतला, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

त्यात आणखी एक भानगड. वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापलं ते जसंच्या तसं नाही. भाषा नीटनेटकी केली, बदल केले. इंग्रजांचं राज्य होतं, वैद्य स्वतः शिकलेले, मोठ्या हुद्द्यावर राहिलेले गृहस्थ, त्यांना काही गोष्टी अडचणीच्या वाटल्या असतील, काही गावठी वाटल्या असतील. मात्र त्यांनी मूळ हस्तलिखित फेकून दिलं नाही, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवलं, हे त्यांचे उपकार. म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मूळबरहुकूम आवृत्ती काढता आली. भटजींचा स्वतःचा आवाज छापून यायला त्यांनी लिहिल्यापासून ८० वर्षांहून जास्त काळ गेला! हस्तलिखित एखाद्या पावसाळ्यात भिजलं असतं तर आपल्याला फक्त इस्त्री केलेले गोडसे भटजी मिळाले असते.

हे इस्त्री करण्याचं काम आम्ही पत्रकार रोज करतो, म्हणून सांगतोय.

आता माझी स्वतःची गोष्ट. याला पुरावा कोणी मागू नये, कारण गोष्टच पुराव्याबद्दल आहे.

जुलै १९८९चा पूर. २३-२४ तारीख. अंबा नदीने जांभूळपाड्यात केलेला कहर पन्नाशीच्या पुढच्या कुणाही रायगडकराला विचारा, अजून आवाज खाली येतो. खाली नागोठण्यातही पाणी घुसलं. माझ्या मामाचं घर नागोठण्यात. मी दहा वर्षांचा. मला तो पूर स्वच्छ आठवतो. आम्ही माळ्यावर बसलोय, आजीच्या हातात कंदील, खाली पायरी पायरीने पाणी चढतंय आणि खिडकीतून एक म्हैस वाहत जाताना दिसते, मान वर करून, ओरडत. ही म्हैस मी आयुष्यभर सांगत आलोय. मित्रांना सांगितली, बायकोला सांगितली. २००५च्या पुराच्या वेळी एका लेखातसुद्धा लिहिली, "मी दहा वर्षांचा असताना पाहिलेली ती म्हैस…" वगैरे. लोकांनी फोन करून कौतुक केलं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत सगळे जमलो होतो. मी पुन्हा म्हैस काढली. आई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कुठे होतास तेव्हा? आपण पेणला होतो. पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी गेलो आपण मामाकडे, चिखल काढायला. म्हैस मामाने पाहिली, त्याने सांगितली तुला."

मी भांडलो. कंदील, पायरी, खिडकी, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मामाच्या त्या घराला नदीच्या बाजूला खिडकीच नव्हती."

नव्हती. नंतर आठवून पाहिलं, खरंच नव्हती.

मी खोटं बोलत नव्हतो. आजही डोळे मिटले की म्हैस दिसते. मामाने इतक्या वेळा आणि इतकं रंगवून सांगितलं की दहा वर्षांच्या पोराने ती आपल्या डोळ्यांत भरून घेतली. पण मी ती छापली. आणि छापल्यावर ती इतिहास झाली. उद्या कोणी पोरगा १९८९च्या पुरावर प्रोजेक्ट करेल आणि "एका प्रत्यक्षदर्शी पत्रकाराच्या आठवणीनुसार" असं लिहील. त्या पोराची मी इथे जाहीर माफी मागतो. म्हैस मामाची आहे. मामा आता नाही. त्याच्या तोंडून ती कोणी लिहून घेतली नाही.

म्हणून त्या ग्रुपवरच्या पोराला मी फार फटकारलं नाही. तो खोटारडा आहे असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांतही कोणीतरी म्हैस भरली आहे.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र मला लाज वाटते.

२००४च्या आसपास मी एका साप्ताहिकात नवा होतो. सप्टेंबर महिना. २५ सप्टेंबर हा चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचा दिवस. १९३० साली अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कातकरी, सगळ्या जातींची माणसं जंगल कायदा मोडायला गेली, पोलिसांनी गोळीबार केला, आठ जण हुतात्मा झाले. मामलेदार जोशीही त्या गोळीबारात गेले. दरवर्षी मानवंदना होते, भाषणं होतात, तुम्हाला माहीत आहे.

त्या वर्षी मला कळलं की पेण तालुक्यात लेकीकडे राहायला आलेले एक चिरनेर बाजूचे म्हातारबाबा आहेत, लहानपणी त्यांनी तो दिवस पाहिलाय. वय ८५च्या वर. मी छोटा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. बाबा दोन तास बोलले. मी विचारत होतो घोषणा काय दिल्या, पुढारी कोण होते. त्यांना ते आठवत नव्हतं. ते सांगत होते की भात पोटरीला आलं होतं. बंदुकीचा आवाज त्यांनी आधी कधी ऐकलाच नव्हता, त्यांना वाटलं वणव्यात बांबू फुटतात तसा कुठे बांबू फुटला. मग आईने त्यांना ढकलून भातात पाडलं आणि वरून स्वतः आडवी झाली. चिखल तोंडात गेला. "त्या चिखलाची चव अजून हाय," म्हणाले. आणि संध्याकाळी गुरं आपली आपणच घरी आली, कारण राखणारे सगळे पळालेले.

मी ऑफिसात आलो. जागा होती दीडशे शब्दांची. मी लिहिलं, "स्वातंत्र्यलढ्याच्या ज्वलंत आठवणींना उजाळा देताना ते भावूक झाले." बांबू नाही, भात नाही, चिखल नाही, गुरं नाहीत. बाबांनी न वापरलेला प्रत्येक शब्द मी वापरला. आणि ती कॅसेट? पुढच्या आठवड्यात एका पुढाऱ्याची पत्रकार परिषद होती, नवी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, त्यावरच टेप केली. पुढारी काय बोलला ते आज मला आठवत नाही. त्यालाही आठवत नसणार. बाबा वर्षभरात गेले.

आता मला जेवढं आठवतंय तेवढं मी वर लिहिलं. पण म्हशीनंतर माझा माझ्यावरच भरवसा उरलेला नाही. "बांबू" ते म्हणाले की मी नंतर घातला? चव म्हणाले हे नक्की. बाकी कॅसेट असती तर सांगता आलं असतं.

हे सगळं आज का काढतोय? वरसईमुळे.

बाळगंगा नदीवरच्या धरणाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. नवी मुंबईच्या पाण्यासाठीचं धरण. वरसई परिसरातली गावं आणि कितीतरी आदिवासी वाड्या बुडीत क्षेत्रात. काम अर्धवट, चौकशा झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पुनर्वसनाचा प्रश्न पंधरा-एक वर्षं लोंबकळतोय. घर बांधावं तर बुडणार, दुरुस्त करावं तर कशाला, पोरीचं लग्न ठरवताना पाहुणे विचारतात तुमचं गाव राहणार का. धरण हवं की नको, मोबदला किती, यावर मी आधी लिहिलंय, पुन्हा लिहीन. आज मुद्दा वेगळा आहे.

ज्या गावाच्या माणसाने झाशीचं बुडणं लिहून ठेवलं, त्या गावाचं बुडणं कोण लिहितंय?

कागद भरपूर आहेत. सातबारे, नोटिसा, पंचनामे, निवाडे. शंभर वर्षांनी कोणी अभ्यासकाने हे कागद काढले तर त्याला क्षेत्र कळेल, दर कळेल, गटनंबर कळतील. पण ज्या वाडीचं नाव सातबाऱ्यावर नाहीच, तिचं काय? कातकऱ्याच्या झोपडीला कागद नाही म्हणून पंचनाम्यात ती नाही. ती फक्त कोणाच्या तरी डोळ्यांत आहे.

आणि इथे भटजींची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते लिहू शकले कारण त्यांना लिहिता येत होतं, आणि वैद्यांसारखा माणूस मागे लागला म्हणून. झाशीत त्यांच्याबरोबर लपलेल्या किती बायका होत्या, किती पाणके, किती कोष्टी होते. त्यांचा 'प्रवास' आपल्याकडे नाही. आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्याच्या १९२७च्या सत्याग्रहाची आतली तयारी आपल्याला कळते ती बरीचशी दासगावच्या कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी आठवणी लिहिल्या म्हणून. आणि आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचं म्हणणं कळतं कारण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर गेल्या, म्हाताऱ्या बायकांसमोर बसल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. १९८९ साली. म्हणजे इकडे अंबा नदी घरं वाहून नेत होती त्याच वर्षी दोन बायका दुसरीकडे वाहून जाणाऱ्या गोष्टी पकडून ठेवत होत्या.

त्या नागरांचंही सांगतो. भटजींचा अनुवाद करून ते थांबले नाहीत. १९५७ साली बंडाला शंभर वर्षं झाली तेव्हा ते अवधच्या गावागावांत हिंडले, लोकांच्या घरात चालत आलेल्या गदरच्या आठवणी गोळा केल्या आणि 'गदर के फूल' लिहिलं. प्रत्यक्ष पाहिलेलं तोवर कोणीच उरलं नव्हतं. शंभर वर्षं उशीर झाला तरी माणूस निघाला. आपल्याला तर अजून उशीर झालेलाही नाही. आपली माणसं जिवंत आहेत, ओट्यावर बसली आहेत, आपण त्यांना दुपारी टीव्ही लावून देतो.

२१ सप्टेंबर २००८चा दिवस आठवा. सेझच्या प्रश्नावर पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. जमीन द्यायची की नाही, हे सरकारने शेतकऱ्याला मतपेटीतून विचारलं, असं देशात आधी ऐकिवात नव्हतं. मी बातमीदार म्हणून केंद्रांवर फिरत होतो. इथे मात्र मी होतो, आईलाही विचारून घेतलंय! खारेपाटातली एक आजी नवं लुगडं नेसून आली होती. मी विचारलं, "आजी, लुगडं नवं?" तर म्हणाली, "आजपावत माणसाला मत दिला. आज जमिनीला देतंय." मी वहीत लिहून घेतलं, म्हणून शब्द तेच आहेत. बातमीत मात्र घेतलं नाही, कारण नेत्यांच्या प्रतिक्रिया घ्यायच्या होत्या. वही अजून माझ्याकडे आहे, वाळवीने एक कोपरा खाल्लाय.

आता त्याच पट्ट्यात तिसरी मुंबई येणार म्हणतात. उरण, पनवेल, पेण मिळून १२४ गावं. मिठागरं तर आमच्या डोळ्यांदेखत गेली. मीठ कसं ओढायचे, कोंडीत पाणी किती दिवस ठेवायचे, उधाणाला बांधाला खांड गेली की रात्री गाव कसं गोळा व्हायचं आणि चिखलाचे गोळे हातोहात कसे जायचे, हे सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढे आहेत. एका खारेपाटातल्या बाईंना मी मागे विचारलं, पाणी आत आलं त्या वर्षीचं काही लिहिलंय का कोणी? त्या म्हणाल्या, "पानी आला तवा आमी पोरांना बगू का लिवत बसू?" बरोबर आहे. लिहिणं हे त्यांचं काम नव्हतंच. आमचं होतं.

मला विचाराल तर आपल्या गावांत जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या बॅनरवर जो खर्च होतो त्यातला एक बॅनर कमी करावा आणि त्या पैशात एक पेन ड्राइव्ह घेऊन ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावा. शाळांनी नववीच्या पोरांना "आमचा गौरवशाली इतिहास" हा निबंध देणं बंद करावं. त्याऐवजी सांगावं, आजीला विचारून ये की ती पहिल्यांदा पेणला कशी आली, चालत की बैलगाडीने की मचव्यातून, आणि सोबत काय बांधून आणलं होतं. मार्क कमी मिळतील कदाचित. पण नेटवरून उतरवता येणार नाही.

विचारताना काय करायचं, ते मी चुकत माकत शिकलोय. पहिली गोष्ट, "तुम्हाला काय वाटलं?" असं विचारू नका, माणूस लगेच भाषणात शिरतो. भांडं विचारा, पाऊस विचारा, पायात काय होतं ते विचारा. तारीख कोणालाच आठवत नाही, गणपतीच्या आधी की नंतर, भात कापलं होतं की उभं होतं, हे आठवतं. मग हळूच विचारा, हे तुम्ही पाहिलं की कोणी सांगितलं? अपमान वाटणार नाही अशा बेताने. बहुतेक म्हातारी माणसं सरळ सांगतात. खोटं आम्ही लिहिणारे जास्त बोलतो. एकच गोष्ट दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, जमलं तर नवऱ्याला वेगळं आणि बायकोला वेगळं, कारण नवरा बोलत असेपर्यंत बायको फक्त पाणी आणून देते. आणि आगरीत बोलले तर आगरीतच ठेवा, कातकरीत बोलले तर कातकरीत. वैद्यांसारखी इस्त्री करू नका.

काही जण म्हणतील, याने धरणग्रस्तांना मोबदला मिळणार आहे का? नाही मिळणार. मी कुठे म्हणतोय मिळेल. पण उद्या कोणी साहेब कागद काढून म्हणाला की इथे वाडी नव्हतीच, तर "होती, आणि अमक्या आंब्याखाली आमची चूल होती" असं सांगणारा आवाज कुठेतरी असलेला बरा.

येत्या रविवारी सकाळी मी वरसईला जातोय. भटजींच्या पुस्तकाची मूळबरहुकूम प्रत बरोबर घेतोय, कोणाला तिथेच बसून वाचायची असेल तर. दोन वाड्यांमध्ये बोलणं करून ठेवलंय, तीन आजी आणि एक आजोबा तयार आहेत. आजोबांना कमी ऐकू येतं, मोठ्याने विचारावं लागेल. कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये नाव टाका, पेण एसटी स्टँडवर आठ वाजता भेटू. फोन चार्ज करून आणा आणि मेमरी रिकामी ठेवा, ते भाषणाचे व्हिडिओ डिलीट केलेत तरी चालेल.

आई पण येते म्हणाली आहे. तिला म्हटलं तू कशाला, ऊन असेल. म्हणाली, "तू काय ऐकशील ते घरी येऊन मला वेगळंच सांगशील."

रोह्याच्या मित्रांनो, नागोठण्यात १९८९च्या पुरात ज्यांच्या घरात खरोखर पाणी होतं, त्यांनी कृपया मला इनबॉक्स करा. आणि कोणी ती म्हैस पाहिली असेल तर आधी सांगा.